चार सेक्टरचं तिकीट निघतं, तीन सेक्टरचं का अडतं? अवॉर्ड तिकिटातली मैलांची मर्यादा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या योजनेत साठवलेल्या पॉइंटवर, एकेरी तिकीट (अवॉर्ड तिकीट) काढायचंय. मुंबई–इस्तंबूल–फ्रँकफर्ट–लिस्बन–न्यूयॉर्क असे चार सेक्टर, म्हणजे एकापाठोपाठ चार उड्डाणं, सांगितले तर फोनवरचा एजंट तिकीट द्यायला तयार होतो. मुंबई–अदिस अबाबा–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क असे तीनच सांगितले तर "मायलेज जास्त होतंय" म्हणून नकार देतो. दोन्हीकडे कंपन्या स्टार अलायन्स या एकाच विमान कंपन्यांच्या गटातल्या आणि सगळ्या विमानांत अवॉर्डच्या जागाही आहेत. मग अडतं कुठे?

अडतं ते अंतरात. किती सेक्टर चालतील हा वेगळा नियम आणि किती मैल चालतील हा वेगळा. तुमचा तीन सेक्टरचा मार्ग पहिल्या नियमात बसतो, दुसऱ्यात बसत नाही.

यात दोन आकडे लागतात. पहिला टीपीएम, म्हणजे तिकिटावर लागोपाठ येणाऱ्या दोन शहरांमधलं अंतर. दुसरा एमपीएम, म्हणजे प्रवासाच्या दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त किती मैल चालतील ती मर्यादा. ही मर्यादा शहरांच्या जोडीला बांधलेली असते. मुंबई–न्यूयॉर्क जोडीची एक, मुंबई–शिकागोची दुसरी, नागपूर–न्यूयॉर्कची तिसरी. एकाच बाजूने जात असाल तर मध्ये कुठे थांबता, किती दिवस थांबता, कोणत्या वर्गाने जाता, याने ती हलत नाही. सगळ्या सेक्टरांच्या टीपीएमची बेरीज एमपीएमच्या आत असली की मार्ग बसला.

मूळ नियम पैशांच्या तिकिटांचा आहे आणि माइल्सच्या योजनांनी तो तिथूनच उचलला. पैशांच्या तिकिटात बेरीज मर्यादेबाहेर गेली तर भाड्यावर ५, १०, १५, २० किंवा २५ टक्के अधिभार लागतो. त्याहून जास्त झाली तर भाडं तोडून दोन तुकड्यांत लावावं लागतं. अवॉर्ड तिकिटात असा अधिभार भरून सुटका नाही. योजनेने ठरवलेली सवलत असेल तेवढी मिळते, त्यापुढे थेट दोन अवॉर्डांचे माइल्स मागतात. म्हणून २ टक्क्यांनी हुकलेला मार्गसुद्धा चांगलाच महाग पडू शकतो.

खरा एमपीएम छापील तक्त्यातून किंवा आरक्षण प्रणालीतून येतो. घरी बसून अंदाज करायचा तर सर्वांत जवळच्या मार्गाच्या अंतरात २० टक्के मिळवायचे. मुंबई–न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे ७,८०० मैल, म्हणजे मर्यादा अंदाजे ९,३६०. आता तुमचे दोन मार्ग मांडू. आकडे पाच-दहा मैल इकडेतिकडे धरा.

मुंबई–इस्तंबूल ३,०००, इस्तंबूल–फ्रँकफर्ट १,१४५, फ्रँकफर्ट–लिस्बन १,१६५, लिस्बन–न्यूयॉर्क ३,३६५. बेरीज ८,६७५.

मुंबई–अदिस अबाबा २,३८०, अदिस अबाबा–फ्रँकफर्ट ३,३२०, फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क ३,८५०. बेरीज ९,५५०.

पहिला मार्ग आत, दुसरा सुमारे १९० मैलांनी बाहेर.

यातली खरी उपयोगी गोष्ट बेरजेच्या मागे आहे. प्रत्येक थांब्याला 'वळणाचा खर्च' असतो, तो काढायला शिका. मुंबई–फ्रँकफर्ट सरळ सुमारे ४,०८०, त्यामुळे मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क ७,९३० होतं. म्हणजे ९,३६० मधून तुमच्याकडे साधारण १,४३० मैल शिल्लक राहतात. इस्तंबूल घातलं तर ३,००० अधिक १,१४५ वजा ४,०८०, म्हणजे फक्त ६५ मैल जास्त, कारण ते जवळजवळ वाटेवरच आहे. लिस्बनमुळे १,१६५ अधिक ३,३६५ वजा ३,८५०, म्हणजे ६८० मैल. दोन्ही मिळून ७४५. शिल्लकीतून आरामात निघतात आणि वर जवळजवळ ७०० मैल उरतात. अदिस अबाबाचा खर्च मात्र एकट्याचा १,६२० आहे. मुंबईहून नैर्ऋत्येला आफ्रिकेत उतरून पुन्हा उत्तरेला चढायचं, त्याचे हे मैल. नकाशावर तो थांबा फार आडवाटेला वाटत नाही, म्हणूनच लोक फसतात. सपाट नकाशावर विसंबू नका, दर वेळी ही वजाबाकी करा.

हीच पद्धत उलटीही वापरता येते. आधी शिल्लक काढा, मग त्यात बसतील असे थांबे शोधा. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाताना इस्तंबूल, व्हिएन्ना, म्युनिक, झुरिच, फ्रँकफर्ट ही शहरं फारसे मैल खात नाहीत. सिंगापूर मात्र खूप खातं. मुंबई–सिंगापूर २,४३५, सिंगापूर–फ्रँकफर्ट ६,३८०, पुढे न्यूयॉर्क ३,८५०, बेरीज १२,६६५. तिथे कोणतीच सवलत कामाला येत नाही.

सवलत योजनेगणिक वेगळी असते. काही योजना एमपीएमला काटेकोर धरतात, काही वर ५ टक्के सोडतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या अ‍ॅडव्हान्टेजमध्ये भागीदार कंपन्यांच्या अवॉर्डला एमपीएमच्या वर २५ टक्क्यांपर्यंत मुभा हा जाणकारांमध्ये प्रसिद्ध असलेला नियम आहे. पण त्याच योजनेत वाटेत स्टॉपओव्हर (२४ तासांहून जास्त मुक्काम) नाही आणि दोन प्रदेशांमधला प्रवास तिसऱ्या प्रदेशातून नेण्यावर बंधन आहे. त्याला नेमून दिलेले अपवाद तेवढे चालतात. मैल एका हाताने दिले, थांबे दुसऱ्या हाताने काढून घेतले. तुमचा अदिस अबाबा मार्ग मर्यादेच्या फक्त २ टक्के वर आहे. ५ टक्के सोडणाऱ्या योजनेत तो बसला असता. त्यामुळे नकार आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या पडद्यावर एमपीएम किती दिसतोय, माझी बेरीज किती येतेय आणि योजना त्यावर किती टक्के सोडते? 'जास्त होतंय' एवढ्यावर थांबू नका, तिन्ही आकडे मागून घ्या.

ट्रॅव्हल एजन्सीत ओळखीचं कोणी असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. अमेडियस या आरक्षण प्रणालीत एफक्यूएम ही आज्ञा आणि त्यापुढे शहरांचे कोड ओळीने टाकले की प्रत्येक सेक्टरचं अंतर, चालू बेरीज आणि त्या जोडीचा एमपीएम समोर येतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा तिकिटिंगचा अभ्यासक्रम केलेल्या माणसाला यातलं काहीच नवं नाही. नुसती अंतरं हवी असतील तर ग्रेट सर्कल मॅपर ही वेबसाईट पुरते, मात्र एकक 'स्टॅच्यूट माइल' ठेवा. ही चूक फार होते. वैमानिकांचा नॉटिकल मैल सुमारे १५ टक्के मोठा असतो, म्हणून त्यात मोजलेलं अंतर आकड्याने लहान दिसतं. ९,५५० स्टॅच्यूट मैलांचा मार्ग नॉटिकलमध्ये सुमारे ८,३०० दिसतो आणि माणूस आपण आत आहोत असं धरून पुढे जातो. किलोमीटरचा आकडा असेल तर १.६०९ ने भागा.

२० टक्क्यांचा अंदाज कुठे फसतो तेही सांगतो. एमपीएम दिशेनुसार वेगळा असतो. भारतातून अमेरिकेला अटलांटिकवरून जाता येतं, पॅसिफिकवरूनही जाता येतं आणि एकाच शहरजोडीला दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात. मुंबई–सिंगापूर–टोकियो–न्यूयॉर्क ही बेरीज सुमारे १२,५०० येते. तिला अटलांटिकची मर्यादा लावली तर ती हास्यास्पदरीत्या बाहेर दिसेल, पण तो मार्ग पॅसिफिकच्या मर्यादेशी ताडायचा असतो आणि ती मोठी असते. एजंटने चुकीची दिशा धरली तर चांगला मार्गही नाकारला जातो. पश्चिम किनाऱ्याचंही असंच. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे ८,४०० मैल, पण ती सरळ रेषा खूप उत्तरेकडून जाते. फ्रँकफर्टवरून गेलात तर तेच ९,७०० च्या पुढे जातं. अशा जोडीत सरळ अंतराला २० टक्के लावून काढलेला आकडा विश्वासाचा नाही, छापील एमपीएमच बघावा लागतो.

आणखी एक शंका हल्ली बरेच जण काढतात. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या बहुतेक कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली आणि एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. त्याने तुमची बेरीज वाढते का? नाही. टीपीएम शहरांमधल्या छापील अंतरावरून धरतात, विमान त्या दिवशी कोणत्या वाटेने उडालं यावरून नाही. ज्या थांब्यावर तुमचं तिकीट तुटत नाही, तो तांत्रिक थांबा. तो हिशेबात येत नाही.

आता मोठा खुलासा. एमपीएम सगळ्या योजनांना लागू नाही. त्यामुळे हाताशी असलेल्या योजनेची जात आधी ओळखा, नाहीतर चुकीच्या नियमाने बरोबर गणित करत बसाल.

एक जात प्रत्येक सेक्टरचे वेगळे माइल्स घेणारी. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑस नावाच्या पॉइंटमध्ये अंतराचे पट्टे ६५०, १,१५०, २,०००, ३,०००, ४,०००, ५,५००, ६,५०० आणि ७,००० मैलांवर तुटतात. मुंबई–दोहा सुमारे १,४२५ म्हणजे तिसरा पट्टा, दोहा–लंडन ३,२५५ म्हणजे पाचवा. दोन्हींचे माइल्स वेगळे मोजून जोडायचे. मुंबई–लंडन थेट ४,४८० मैल, तो एकच सहावा पट्टा. इथे वळणाची चिंता नाही, चिंता आहे ती सेक्टर वाढण्याची. तुमचा चार सेक्टरचा मार्ग एमपीएमच्या योजनेत उत्तम होता. अशा पद्धतीत तसला मार्ग सर्वांत महाग.

दुसरी जात संपूर्ण प्रवासाचं अंतर जोडून पट्ट्यात बसवणारी. एअर कॅनडाची एरोप्लॅन योजना नोव्हेंबर २०२० पासून प्रदेश आणि अंतर दोन्ही बघते. उत्तर अमेरिका आणि 'अटलांटिक' प्रदेश, ज्यात युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व आणि भारत येतो, यांच्यातले पट्टे ४,०००, ६,००० आणि ८,००० मैलांवर तुटतात. मुंबई–न्यूयॉर्कला ८,००० ची रेघ अगदी नाकासमोर आहे. फ्रँकफर्टवरून ७,९३० म्हणजे सुमारे ७० मैल आत. इस्तंबूलवरून बेरीज ८,००० च्या काठावर येते, त्यामुळे न्यूयॉर्कचा नेमका विमानतळ टाकून पाहिल्याशिवाय बोलूच नये. पुढे अमेरिकेतला एखादा सेक्टर जोडला, किंवा पुण्याहून-नागपूरहून सुरुवात केली, की फ्रँकफर्टचा मार्गही रेघ ओलांडतो आणि वरच्या पट्ट्याचे माइल्स लागतात. एकेरी तिकिटात एक स्टॉपओव्हर ५,००० पॉइंट जादा देऊन मिळतो. पण आडवाटेला असलेल्या शहरात तो घेतलात आणि रेघ ओलांडलीत तर खरी किंमत ५,००० पेक्षा बरीच जास्त होते. या हिशेबाकडे फार थोडे लोक बघतात.

तिसरी जात अनेक कंपन्यांवर फिरण्यासाठीच्या मोठ्या अवॉर्डांची. क्वांटासच्या वनवर्ल्ड (हा आणखी एक कंपन्यांचा गट) अवॉर्डला ३५,००० मैल आणि ५ स्टॉपओव्हर ही मर्यादा, कॅथे पॅसिफिकच्या अनेक-कंपन्यांच्या अवॉर्डचा तक्ता ५०,००० मैलांपर्यंत. ३५,००० ऐकायला अफाट वाटतात, म्हणून एकदा मोजून दाखवतो. मुंबई–हाँगकाँग–टोकियो–लॉस एंजेलिस–न्यूयॉर्क–लंडन–दोहा–मुंबई ही बेरीज सुमारे २०,५५० मैल. हाँगकाँग आणि टोकियोच्या मध्ये सिडनी घातलं तर १,८४० जाऊन ९,४४० येतात, बेरीज सुमारे २८,१५०. अजून बसतंय. आता न्यूयॉर्कहून ब्युनोस आयर्स करून लंडनला जायचं म्हटलं तर ३,४५० च्या जागी ५,३०० आणि ६,९०० येतात आणि बेरीज ३६,९०० वर जाते. बाहेर. उत्तर गोलार्धात कितीही शहरं जोडा, फार फरक पडत नाही. दक्षिणेतलं प्रत्येक टोक साडेसात ते नऊ हजार मैल खातं. ३५,००० मध्ये सिडनी किंवा ब्युनोस आयर्स यांपैकी एक निवडा. आणि यातली सगळीच शहरं थांब्याची नाहीत. पाचच ठिकाणी मुक्काम करता येतो, बाकीच्या ठिकाणी २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडायचं.

२४ तासांचा हा नियम एमपीएमच्या योजनांतही तितकाच महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांपेक्षा कमी वेळ थांबलात तर ते ट्रान्झिट. मैलांच्या बेरजेत ट्रान्झिट आणि स्टॉपओव्हर दोन्ही सारखेच मोजले जातात. फरक फक्त थांब्यांच्या संख्येत पडतो. संध्याकाळी इस्तंबूलला उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी निघालात तर शहर पाहून होतं आणि स्टॉपओव्हर शिल्लकच राहतो. मात्र बाहेर पडायला व्हिसा लागतो, तो आधी बघा.

टोकं ठरवताना गोंधळ होतो तो असा. मर्यादा जाण्याला वेगळी आणि येण्याला वेगळी लागते; परतीच्या तिकिटाची सगळी बेरीज एकत्र करून एकाच एमपीएमशी ताडू नका. एमपीएम शहराचा असतो, विमानतळाचा नाही. न्यूयॉर्कला केनेडीला उतरून नेवार्कहून पुढे गेलात तरी शहर एकच. पण जाण्याच्याच टप्प्यात एका शहरात उतरून रेल्वेने दुसऱ्या शहरात गेलात आणि तिथून विमान पकडलंत, तर तो जमिनीवरचा तुकडाही सहसा अंतरात धरतात. तेच तुटलेलं टोक जाण्या-येण्याच्या मधे असेल, म्हणजे पॅरिसला पोहोचून परतीला रोमहून निघालात, तर तो तुकडा मोजत नाहीत.

छोट्या शहरातून निघणाऱ्यांनी पहिल्याच सेक्टरकडे लक्ष द्यावं. नागपूरहून फ्रँकफर्टला जाताना दिल्लीवरून ५३० अधिक ३,८०५, म्हणजे ४,३३५ मैल होतात. मुंबईवरून ४२५ अधिक ४,०८०, म्हणजे ४,५०५. मुंबई जवळची असून १७० मैल जास्त, कारण आधी पश्चिमेला जाऊन मग पुन्हा उत्तरेला वळावं लागतं. काठावरच्या मार्गात हे १७० मैल निर्णायक ठरतात.

मैल बसले तरी काही मार्ग नाकारले जातात. एका दिशेच्या प्रवासात तेच शहर दोनदा येणं, सुरुवातीच्या देशात परत येऊन पुढे जाणं, सेक्टरांची कमाल संख्या ओलांडणं, ही नेहमीची कारणं. उलट कधी एजंटच्या पडद्यावरची बेरीज तुमच्यापेक्षा कमी दिसते. ठरावीक शहरांवरून जाणाऱ्या काही मार्गांना तक्त्यातच काही मैलांची वजावट दिलेली असते, त्यामुळे असं होतं. ती चूक समजून दुरुस्त करायला लावू नका.

तिकीट काढताना क्रम असा ठेवा. आधी योजनेची जात आणि सवलत. मग टोकं आणि बेरीज. मग प्रत्येक सेक्टरमध्ये अवॉर्डची जागा आहे का हे एकेक करून बघा, पूर्ण मार्ग एकदम शोधू नका. वेबसाईट बहुतेक वेळा एवढे थांबे स्वतःहून जोडत नाही. मग फोन करून सेक्टर ओळीने तारीख आणि उड्डाण क्रमांकासह सांगा आणि एजंटकडून मार्ग बसल्याची खात्री करून घ्या. क्रेडिट कार्डाचे पॉइंट योजनेत वळवायचे ते यानंतरच. एकदा वळवलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत आणि मार्ग नाकारला गेला तर ते नको त्या योजनेत अडकून पडतात.

तिकीट निघाल्यावर तुम्ही स्वतः एखादा सेक्टर बदललात तर पूर्ण मार्गाची बेरीज नव्याने तपासली जाते. लिस्बनऐवजी ऐनवेळी दुसरं शहर घालताना शिल्लक ७०० मैल लक्षात ठेवा. कंपनीने वेळापत्रक बदललं आणि त्यामुळे दुसरा मार्ग द्यावा लागला, तर मात्र मैलांचा आग्रह सहसा धरत नाहीत. अशा वेळी पर्यायी उड्डाण स्वतः शोधून, क्रमांक हाताशी ठेवून फोन करा.